अंधारप्रवाह

१

बुधवारी सकाळी स्टोअरकीपर ग्लोव्ह बॉक्सची, म्हणजे हातमोजे जोडलेल्या हवाबंद पेटीची, काच पुसत होता. पुसता पुसता त्याचा हात थांबला. आतल्या स्टँडला बारा खाचा होत्या आणि बाटल्या अकरा. सातवी खाच रिकामी होती.

त्याने फडकं खिशात कोंबलं आणि शाईवालीच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. सात नंबर तुम्ही काढलाय का, असं त्याने विचारलं आणि तिचा चेहरा बघून उत्तराची वाट न पाहताच मागे फिरला.

जमिनीखालच्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे शाईवालीच म्हणत. ती पॉलिमर बनवायची. तो द्रावकात विरघळवला की दाट हिरवी शाई व्हायची, ती काचेवर पसरली की इन्फ्रारेड प्रकाश ओळखणारा सेन्सर तयार. सांगायला सोपं, पण त्यात एक मोठी ग्यानबाची मेख होती. इन्फ्रारेडमध्ये खोलवर बघणारा पॉलिमर गप्प बसत नाही. पुढे काही दिसत नसलं तरी खोलीच्या नुसत्या उबेने त्यातून थोडी वीज वाहत राहते. शिवाय त्याच्या रेणूंच्या साखळ्या जिथे गुंततात तिथे बारीक खड्डे पडतात, सापळेच म्हणतात त्यांना. विजेचे कण त्यात अडकतात आणि मनाला येईल तेव्हा सुटतात. या सगळ्या वटवटीला नाव होतं अंधारप्रवाह. तिने चार वर्षं घासून साखळ्यांचे सांधे बदलले, बाजूच्या फांद्या बदलल्या आणि सातव्या खेपेला असा पॉलिमर हाती आला की अंधारात ठेवला तर हूं की चूं करत नव्हता. तीन महिने ती रोज मोजत होती, रोज तोच आकडा येत होता.

मग मंगळवारी बाहेरून तिघांची समिती आली, सगळ्यांसमक्ष मोजणी झाली आणि आकडा आला तो तिच्या वहीतल्या आकड्याच्या हजारपट. समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. उद्या दहा वाजता सात नंबर सीलबंद करून दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवा, एवढंच त्या म्हणाल्या.

आणि बुधवारी सव्वानऊला बाटली गायब.

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. प्रयोगशाळेचे ते प्रमुख. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्या दिवशीही चढवला नाही. चौकशी होईपर्यंत तिचं कार्ड फक्त मुख्य दाराला चालेल, आतल्या एकाही दाराला चालणार नाही, असं त्यांनी सांगितलं. रोज नऊ ते पाच तिने बैठकीच्या छोट्या खोलीत बसायचं. आली नाही तर कबुली समजली जाईल.

“चाव्या चौघांकडे आहेत,” सर म्हणाले. “पण ती बाटली तपासली गेली असती तर तुमच्याशिवाय कुणाचं काय बिघडणार होतं, तेवढं सांगा.”



२

बैठकीच्या खोलीला खिडकी नव्हती. एक टेबल, सहा खुर्च्या, भिंतीवर पुसूनही न पुसलं गेलेलं कुणाचं तरी गणित. पाणी प्यायला जायचं तरी कार्ड असलेल्या कुणाला तरी हाक मारावी लागे. दुपारपर्यंत तिने तहान मारायची सवय करून घेतली.

संध्याकाळी सुटका झाली ती दुसऱ्या बंद दारात जायला. प्रयोगशाळेत तिची नणंदही कामाला होती. नवऱ्याची थोरली बहीण, सेन्सर मोजण्याच्या विभागाची प्रमुख. घर एकच, खालच्या मजल्यावर ही दोघं, वर नणंद एकटी. हिला इथे नोकरी लावायला नणंदेनेच शब्द टाकला होता. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन महिने हिने वर डबा पोचवला आणि इथे तिची मोजणीही करून टाकली. बुधवारी मात्र नणंद जिन्यावरून वर गेली ती कठड्याला धरून, न बोलता. नवऱ्याने भाजी परतता परतता एकदाच विचारलं, “पण मग आकडा बदलला कसा?” त्याच्या मनात काही नव्हतं, पण तिने आपलं ताट पुन्हा मांडणीत ठेवलं.

गुरुवारी चौकशी अधिकारी आले. साठीचे, बुटके, हातात जेवणाचा स्टीलचा डबा. तीस वर्षं त्यांनी लिफ्टच्या अपघातांची चौकशी केली होती. पॉलिमरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं आणि ते त्यांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं. तासाभरात सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणू लागले.

सर सौम्यपणे म्हणाले की साक्षी होताना मॅडम इथे नसलेल्या बऱ्या.

“कुठे बसवू त्यांना?” लिफ्टवाल्यांनी विचारलं. “त्यांना दुसरं दार उघडत नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय. राहू द्या इथेच.”

सर गेल्यावर ते तिच्याकडे वळले. “लिफ्टमध्ये माणसं अडकली की बाहेरचे विचारतात, का बंद पडली? त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. मी विचारतो, कधीपासून? ते सगळ्यांना ठाऊक असतं. तुमचा आकडा कधीपासून बिघडला?”

तिने आठवलं. शुक्रवारी दुपारी तिने स्वतः मोजला तेव्हा ठीक होता. सोमवारी सकाळी बिघडलेला होता.

“आणि शुक्रवार ते सोमवार इथे काय बदललं?”

काही नाही, असं ती म्हणणार होती. मग तिला आठवलं आणि ते तोंडातून काढायला जड गेलं.

“सोमवारी वन्सं कामावर परत आल्या,” ती म्हणाली.

३

नणंद काठी टेकत आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. भावजयीकडे तिने पाहिलं नाही. सोमवारची मोजणी मीच केली, ती म्हणाली. मंगळवारची समितीसमोरची पण मीच. सेन्सर तोच, यंत्र तेच. खोलीत बाहेरून उजेड शिरतोय का तेही पाहिलं, दाराच्या फटी बुजवल्या, सेन्सरवर काळं कापडसुद्धा घातलं. फारसा फरक पडला नाही. शिवाय जुन्या पॉलिमरचा सेन्सर लावून पाहिला तर तो नेहमीसारखा शांत. म्हणजे अंधारखोली ठीक, यंत्र ठीक.

“म्हणजे खोट सात नंबरात,” लिफ्टवाले म्हणाले.

“मी आकडे सांगितले,” नणंद म्हणाली.

तिने मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले होते. घरात कुणी आजारी असलं की ती अशी बसायची.

लिफ्टवाल्यांचा एक प्रश्न सगळ्यांना सारखा होता. बाटलीचं वर्णन करा. नणंदेने केलं: बोटभर उंचीची, तपकिरी काचेची, पांढरं झाकण, त्यावर सात. शाईवालीनेही तेच सांगितलं होतं. काच तपकिरी घेतली होती ती उजेडापासून जपायलाच, वर काही गुंडाळायची गरज नव्हती.

स्टोअरकीपर घाबरलेला होता. दुसरीकडे नोकरीसाठी अर्ज केला होता आणि ते आता बाहेर येणार याची त्याला धास्ती होती. विचारायच्या आधीच त्याने ते सांगून टाकलं. मग बाटलीचं वर्णन केलं, तपकिरी, पांढऱ्या झाकणाची. मंगळवारी समिती गेल्यावर ग्लोव्ह बॉक्सची खोली तासभर उघडीच होती, असंही तो म्हणाला. लिफ्टवाल्यांनी त्याला स्टोअरचं रजिस्टर आणायला लावलं आणि शुक्रवारनंतरची पानं बोट फिरवत वाचली.

“शनिवारी सुट्टीच्या दिवशी शिडी कुणी नेली?”

“सरांनी. अंधारखोलीबाहेरची ट्यूब बदलायची म्हणाले.”

“स्वतः?”

“मलाही नवल वाटलं. पेनातली रिफिल सुद्धा दुसऱ्याकडून बदलून घेतात ते.”

“मग बदलली का ट्यूब?”

“कुठली हो, तीच लुकलुकतेय अजून.”

शेवटी सर आले. ते मोकळेपणाने बोलले. मॅडमची हुशारी मानली, दबाव किती असतो तेही मान्य केलं. माणूस एकदा आकडा सुधारून लिहितो आणि मग त्यातून निघता येत नाही, असं खेदाने म्हणाले. बाटलीबद्दल विचारल्यावर त्यांनी अंगठा आणि तर्जनी थोडी लांब धरून दाखवली.

“एवढीशी तर असते. फॉईलमध्ये गुंडाळलेली, खिशात टाकली तर कुणाला कळणार?”

लिफ्टवाल्यांनी ते लिहून घेतलं, तसं सगळ्यांचंच लिहून घेत होते. शाईवालीचं लक्ष नव्हतं. सर शांतपणे तिला कायमचं आत टाकत होते आणि दार लोटताना होतो तेवढाही आवाज होत नव्हता, एवढंच तिला ऐकू येत होतं.

सर गेल्यावर लिफ्टवाल्यांनी डबा काखेत घेतला. “चला,” ते म्हणाले, “ती अंधारखोली बघू. तुम्ही पण, आणि तुमच्या नणंदबाई पण.”

४

अंधारखोली म्हणजे दहा पावलांची काळी पेटी. भिंती काळ्या, छत काळं, मध्ये दगडी टेबलावर सेन्सरचा होल्डर, कोपऱ्यात जुन्या नमुन्यांचं कपाट. तिघं आत शिरल्यावर हलायला जागा उरली नाही. शाईवालीला इथे कधी घुसमट वाटली नव्हती. आज दार लावल्याबरोबर वाटली.

नणंदेने मंगळवारचा सात नंबरचा सेन्सर बसवला, यंत्राच्या पडद्यावर झाकण ओढलं आणि दिवा बंद केला. डोळ्यांपुढे धरलेला हात दिसेना. दोन-तीन सेकंदांनी कुठेतरी बारीक ‘टिक’ झालं. नणंदेने झाकणाच्या फटीतून आकडा वाचला. मंगळवारचाच, हजारपट. जुना सेन्सर लावला, तो शांत.

“तो टिक कशाचा?” अंधारातून लिफ्टवाल्यांचा आवाज आला.

बटणाचा असेल, नणंद म्हणाली. मग थांबून म्हणाली की बटण तर आधीच दाबलं होतं. शाईवाली तीन महिने या खोलीत बसली होती. असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

दिवा लावला. लिफ्टवाले मान वर करून छताकडे बघत होते.

“मला तुमचं शास्त्र येत नाही, पण इमारतींचे नियम पाठ आहेत. एवढ्याशा खोलीला स्मोक डिटेक्टर एक लागतो. इथे दोन आहेत.”

दोघींनी वर पाहिलं. काळ्या छतावर दोन पांढऱ्या चकत्या. रोज ज्या छताखाली आपण बसतो ते छत कोण बघतं? शाईवालीने आठवायचा प्रयत्न केला, एक की दोन, आणि आठवेना. पण त्याच क्षणी दुसरं काहीतरी तिच्या डोक्यात जागेवर बसलं, इतक्या जोरात की तिने टेबल धरलं.

“वन्सं, जुना सेन्सर शांत राहिला म्हणून आपण म्हटलं खोलीत अंधार आहे,” ती सावकाश म्हणाली. “पण जुना पॉलिमर इन्फ्रारेडच्या उंबऱ्यापर्यंतच बघतो. सात नंबर पार आत बघतो. जुना गप्प आहे तो अंधार असल्यामुळे कशावरून? त्याला दिसतच नसेल तर?”

“कापड घातलं होतं आपण.”

“कापड आपल्या डोळ्यांना काळं. पुष्कळशा काळ्या रंगांतून इन्फ्रारेड आरपार जातं. शिकलोय की आपण हे.”

 नणंदेचा चेहरा उतरत चालला होता.

पत्रा हवा होता, आरपार काही जाऊ न देणारा. आसपास तसं एकच भांडं होतं. लिफ्टवाल्यांनी डबा उघडला, त्यातली पोळी-भाजी कागदावर काढून ठेवली आणि डबा तिच्या हातात दिला. तिने तो होल्डरवर पालथा घातला. दिवा बंद. टिक. नणंदेने आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. तो शाईवालीच्या वहीतला आकडा होता, शेवटच्या अंकापर्यंत.

डबा उचलला, आकडा हजारपट. डबा ठेवला, शांत. मग तिने होल्डर मोकळा करून हातात घेतला आणि त्या गच्च अंधारात सेन्सरचं तोंड हळूहळू फिरवायला लागली. दाराकडे केलं, आकडा पडला. कपाटाकडे, पडलेलाच. छताच्या मधल्या चकतीकडे, थोडा वाढला. कोपऱ्यातल्या चकतीकडे वळवलं आणि नणंद दबक्या आवाजात म्हणाली, “थांब. तिथेच.”

चार वर्षं तिने घडवलेली ती गोष्ट तिच्या हातात होती आणि अंधारात एका जागेकडे बोट दाखवत होती.

स्टोअरकीपरने शिडी आणली. कोपऱ्यातली चकती फिरवून काढली. आत धूर ओळखणारं काहीच नव्हतं. छोटा कॅमेरा होता आणि त्याच्या भोवती डोळ्यांना न दिसणाऱ्या दिव्यांचं कडं.

५

बैठकीच्या खोलीत टेबलावर ती उघडी चकती ठेवली होती. एका बाजूला नणंद-भावजय, समोर सर. अंधार पडला की हा कॅमेरा भिंगापुढची इन्फ्रारेड अडवणारी काच बाजूला सरकवतो, तेव्हा टिक होतं, आणि आपले दिवे लावतो, हे शाईवालीने सांगितलं. सरांनी ते ऐकून घेतलं आणि मान हलवली. कॅमेरा मीच बसवला, म्हणाले. तीन महिने त्या खोलीत मॅडम एकट्याच होत्या, आकडे बाहेर जातायत अशी शंका होती. प्रयोगशाळा माझी, मला माहीत असायला हवं. चूक झाली, पण ती अनवधानाने. अंधारप्रवाहाचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

“आयुष्य इन्फ्रारेडमध्ये गेलं तुमचं,” लिफ्टवाले म्हणाले.

“डोक्यात आलं नाही,” सर पुन्हा म्हणाले.

लिफ्टवाल्यांनी वही उघडली. चौघांना बाटलीचं वर्णन विचारलं होतं, ते म्हणाले. तिघांनी तपकिरी काच, पांढरं झाकण सांगितलं. बाटली बॉक्समध्ये तशीच असायची, फॉईल तिला कधीच नव्हती. चौथ्या माणसाने फॉईलमध्ये गुंडाळलेली सांगितली. म्हणजे चौथ्याने ती बॉक्समधून निघाल्यानंतर पाहिली. एक तर त्यानेच घेतली, किंवा घेणाऱ्याला गुंडाळताना पाहिलं.

“तुम्ही घेतली असती तर तुम्ही ते शब्द बोलला नसता, जपून राहिला असता,” लिफ्टवाले म्हणाले. “पाहणारा माणूस विसरतो की दुसऱ्यांनी पाहिलेलं नाही. या कॅमेऱ्याला एकच खोली दिसते. मघाशी त्या खोलीतल्या कपाटात मी मोजल्या, जुन्या नमुन्यांच्या तेवीस बाटल्या. सगळ्या फॉईलमध्ये. यादीत बावीस आहेत.”

स्टोअरकीपरने तेविसावी टेबलावर ठेवली. वरची फॉईल उलगडली, तपकिरी काच आली, पांढरं झाकण, सात.

शाईवालीने सरांना विचारलं, “कधी पाहिलंत?”

 सरांचा आवाज पहिल्यांदाच बदलला. “बुधवारी दुपारी. मंगळवारचं रेकॉर्डिंग लावलं. समितीची मोजणी चालली होती, दिवा बंद होता आणि पडद्यावर ती खोली भर दुपारसारखी लख्ख दिसत होती. तेव्हा कळलं. आकडा का बिघडला आणि बाटली कुठे गेली, दोन्ही कळलं.”

“आणि मी इथे बसले होते.”

“बंद खोलीत माणसांचं चोरून चित्रण केलं, हे बाहेर आलं असतं तर माझी खुर्ची राहिली नसती,” सर म्हणाले. त्यांनी काही लपवलं नाही. आता लपवून उपयोगही नव्हता.

मग बाटली कुणी ठेवली, हे लिफ्टवाल्यांनी विचारलंच नाही. टेबलापाशी उभा स्टोअरकीपर, खुर्चीतले सर, कुणीच कुणाकडे पाहत नव्हतं. नणंदेने काठी भिंतीला टेकवली.

“मी ठेवली,” ती म्हणाली.

६

लिफ्टवाल्यांनी सर आणि स्टोअरकीपरला बाहेर पाठवलं.

नणंद सांगत होती ती टेबलाच्या कडेकडे बघत. सोमवारी आकडा पाहिला आणि पुन्हा पुन्हा मोजला. मंगळवारी समितीपुढे तोच आला. आधीचे सगळे आकडे हिने एकटीने घेतलेले, मी गुडघा धरून घरात. दुसऱ्या प्रयोगशाळेत बाटली गेली असती तर हिचा खोटेपणा कागदावर आला असता, नोकरी गेली असती, भावाचं घर उघड्यावर पडलं असतं. बाटलीच नसली तर चोरीचा संशय राहील, पण खोटेपणा सिद्ध होणार नाही. संशय माणूस कसाबसा झेलतो. म्हणून घेतली, गुंडाळली, कपाटात ठेवली.

“मला एकदा विचारलं असतंत,” शाईवाली म्हणाली.

“तू हो म्हणाली असतीस तर काय केलं असतं मी?”

“आणि नाही म्हणाले असते तर?”

 नणंदेचे डोळे भरले होते, पण ते तिने पुसले नाहीत, कारण पुसले तर दिसलं असतं.

लिफ्टवाल्यांनी अहवालाची पानं पुढे सरकवली. सरांचं सगळं लिहून झालं होतं. सात नंबर निर्दोष आणि वहीतले आकडे खरे, हेही लिहिलं होतं. एक रकाना कोरा होता: बाटली कुठे आणि कशी सापडली. कपाटात चुकून गेली, असंही लिहिता येईल, ते म्हणाले. तेवीस बाटल्या सारख्याच दिसतात, कुणी हरकत घेणार नाही. खरं लिहिलं तर नणंदबाईंची नोकरी जाईल हे नक्की. बाटली तुमची, त्रास तुमचा, तेव्हा तुम्ही सांगाल ते लिहितो.

दोन दिवस ज्या खुर्चीवर ती बसली होती त्याच खुर्चीवर ती अजून होती. पण शेजारचं माणूस आता तिच्या एका शब्दावर अडकलेलं होतं. तिला वाटलं होतं अशा वेळी बरं वाटेल. तिला डबे पोचवलेले जिने आठवले. या नोकरीसाठी नणंदेने टाकलेला शब्द आठवला. आणि हेही, की त्या शब्दामागे असलेला भरवसा एका आकड्याने संपला होता.

चुकून, हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. मग तिला कळलं की तो लिहिला तर घरात यापुढे रोज दोघींना तो सांभाळावा लागेल.

“खरं लिहा,” ती म्हणाली. “पण पूर्ण लिहा. बाटली लपवली, कारण वन्संना वाटलं मी खोटी आहे आणि तरी त्यांना मला वाचवायचं होतं. दोन्ही लिहा. अर्धं लिहायचं नाही.”

लिफ्टवाल्यांनी नणंदेकडे पाहिलं. नणंदेने पेन मागून घेतलं आणि कोऱ्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं, वर्गात उभं करून लिहायला लावलेल्या मुलीसारखं, एकेक शब्द बघून. सही केली. पेन परत दिलं.

पाच वाजले होते. शाईवालीचं कार्ड चालू झाल्याचा निरोप आला. तिने काठी उचलून नणंदेला दिली, दाराला कार्ड लावलं आणि ते उघडल्यावर नणंद बाहेर पडेपर्यंत पायाने अडवून धरलं. बसच्या थांब्यावर दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.  पहिली बस गच्च भरलेली आली, ती सोडून दिली. दुसरीत एक जागा होती. शाईवालीने तिथे नणंदेला बसवलं आणि आपण दांडा धरून बाजूला उभी राहिली. उतरायला अजून चौदा थांबे होते आणि दोघींना एकाच घरी जायचं होतं.